वाकडं भोक

चकाकणारी जुनी फियाट बघून विमलकाकू गॅरेजच्या दारातच थबकल्या. "अगदी नवीकोरी करा," असं बशीर मिस्त्रींना त्यांनीच सांगितलं होतं.

लग्नाच्या वर्षी यजमानांनी स्पीकर बसवायला मागच्या सीटमागचा पत्रा हौसेनं स्वतःच कापला होता, तोही वाकडातिकडा. आता यजमान नव्हते. नव्या साउंड सिस्टीमच्या नादात मिस्त्रींनी ते भोकही सरळ केलं असणार.

काकूंनी मागे डोकावलं. भोक तसंच होतं! खालची नवी सागवानी स्पीकरपेटी त्याच्या प्रत्येक वळणाला बिलगून बसली होती. कुठे केसभर फट नव्हती.

"मिस्त्री, हे सरळ नाही कापलंत?"

"सगळा पत्रा गंजला होता, काकू. ह्या भोकाची कड तेवढी कुणीतरी वर्षानुवर्षं तेल लावून जपलेली. तिला करवत कशी लावणार? मग पेटीच वाकडी केली."