नवे शॉक अब्सॉर्बर

दुपारी अंगणातच नवऱ्याने गाडीचे पुढचे झिजलेले शॉक अब्सॉर्बर काढून नवे बसवले. बायको एकेक पाना हातात देत होती.

"आता पोटातलं पाणीसुद्धा हलायचं नाही," म्हणत त्याने बॉनेट दाबून पाहिलं. गाडी एकदा हलून थांबायला हवी होती. ती पाळण्यासारखी संथ हलतच राहिली.

त्याने सगळे नट पुन्हा आवळले. तरी तेच. शेवटी त्याने दोन्ही हातांनी गाडी दाबून धरली.

ती थांबताच मागच्या रिकाम्या सीटवरून बाळाची मुसमुस ऐकू आली.

लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती, पण या घरात मूल कधी नव्हतंच.

बायकोने हातातला पाना आवाज न करता खाली ठेवला.

"अहो, धरून काय ठेवलंय?" ती कुजबुजली. "झोपमोड झाली ना त्याची. हलवा."