बारीक आवाज

"सिस्टर, हा व्हेंटिलेटर सारखा किंचाळतोय. आप्पांना झोप कशी लागणार?" आयसीयूत भेटायला आलेला त्यांचा मुलगा चिडला.

"दादा, नळीत कफ अडकला की तो वाजतो. म्हणून तर आम्हाला कळतं."

"आवाज कमी करा. का मोठ्या सरांना फोन लावू?"

अशाच एका फोनमुळे तिच्या मैत्रिणीची नोकरी गेली होती. सिस्टरने आवाज अगदी बारीक केला. "आता कसं!" म्हणत मुलगा बाहेर गेला.

टोकाच्या खाटेवरचा पेशंट सांभाळून ती परतली, तेव्हा आप्पांचे ओठ निळे पडले होते. व्हेंटिलेटर बारीक आवाजात वाजतच होता. तिने कफ काढला, छाती दाबली. उपयोग झाला नाही.

मोठे सर आले, त्यांच्या मागोमाग मुलगाही आत धावला. "आवाज कोणी कमी केला?"

आप्पांचा निपचित हात न सोडता मुलाने सिस्टरकडे बोट दाखवलं.