बाबा म्हणजे जिताडा नव्हे

“अगं ए चिंगे, मी काय जिताडा आहे का?” बाबा ओरडले आणि माझ्या हातातला रेझर हवेतच थांबला.

त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून त्यांची दाढी करायला मी हौसेनं पुढे झाले होते. जिताडा माशाचे खवले काढते तसाच रेझर खालून वर, खसाखसा ओढला. गाल लालभडक झाला, पुरळ उठलं. आई हसून हसून खाली बसली. “नको बाई, दाढीच वाढवतो आता,” बाबा म्हणाले. मला रडूच फुटलं.

“बाबा, एक चान्स द्या ना!” मी रोज मागे लागले, तेव्हा कुठे ते पुन्हा पाटावर बसले. “केस झुकलेत तिकडेच फिरव, आणि दाबू नकोस.” गरम पाणी, भरपूर फेस, अलगद हात, शेवटी तुरटी. त्यांनी गाल चाचपला. एकही पुटकुळी नाही! मी अंगणात नाचलेच!

काल प्लास्टर निघालं. आज सकाळी बघते तर काय, बाबा गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून, हनुवटी वर करून पाटावर हजर. मोकळ्या उजव्या हातानं त्यांनी रेझर माझ्यापुढे धरला.

“चल गं, आटप लवकर. तुझी शाळा भरेल.”