करमतंय

अवसरीच्या कॉलेजात शिकणाऱ्या सिद्धीने घोडेगावातल्या घरच्या कापडदुकानाची वेबसाइट केली. दुकानाची हकिगत दादाजींनी तिच्या भावाकडून टाइप करून घेतली होती. त्यातला शब्द शोधायची सोय सिद्धीची.

"माझं नाव हाय का बघ," दादी म्हणाली.

सिद्धीने 'पानबाई' लिहिलं. उत्तर आलं, 'सापडले नाही'.

"नसंलच. दुकान ह्यांचं," म्हणत दादी पापड वाळत घालायला गच्चीवर गेली.

सिद्धीला दादाजींचा राग आला. पण प्रोग्राम तपासला तर चूक तिचीच निघाली. शब्द कितव्या जागी आहे ते फंक्शन सांगायचं, आणि मोजायचं शून्यापासून. उत्तर शून्य आलं होतं. तिने ते 'नाही' धरलं होतं.

ती धावत गच्चीवर गेली. "दादी, सुरुवातच तुझ्या नावाने आहे. 'पानबाई इथं करमतंय म्हणाली, म्हणून आम्ही घोडेगावातच दुकान थाटलं.'"

दादी पापड उलटत राहिली. मग हसून म्हणाली, "मला कुठं करमत व्हतं? ह्यांचा जीव त्या गाळ्यात अडकला व्हता, म्हणून म्हणले तसं."