तंजावरची आमटी

पुण्याच्या महोत्सवासाठी अस्सल मराठी खाणावळी निवडत फिरणाऱ्या गोडबोल्यांनी तंजावरात अंबुजाबाईंच्या खाणावळीत केळीच्या पानावरची आमटी चाखली आणि हात थांबवला. "अंबुजाबाई, फोडणीत उडदाची डाळ? ही मराठी आमटी नव्हे. आमचा हा गोडा मसाला घाला, लगेच निवडतो."

त्यांनी दिलेली मसाल्याची पुडी अंबुजाबाईंच्या तळहातावर क्षणभर राहिली. पूर्वजांचा मराठी मुलूख एकदा डोळ्यांनी पाहावा, ही त्यांची जन्मभराची आस होती.

मग त्यांनी पुडी परत केली. "अहो, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलो, म्हणून आमची चव बदलली असेल. पण तुमची तिकडे तशीच राहिली, हे कुणी ठरवलं?"

गोडबोल्यांनी पुडी पिशवीत ठेवली.

"देवाला रोज दाखवते तीच आमटी पुण्याला वाढीन," त्या म्हणाल्या. "बोलवायचं तर बोलवा. नाहीतर जेवून निघा; पानात मात्र टाकू नका."