डावा हात

माझी लेक पारमिता वारल्यापासून निपाणीच्या क्लबात मी पोरींना फुकट बास्केटबॉल शिकवतो. स्वतः कधी खेळलो नव्हतो. कठड्यावर बसून तिला खेळताना जेवढं पाहिलं, तेवढंच मला येतं. रविवारी बेळगावच्या संघाशी सामना होता. त्यांचे कोच हसत म्हणाले, "सर, तुमच्या पोरी सगळ्या डावखुऱ्याच कशा हो?" मी मैदानाकडं वळून पाहिलं. आमच्या भैरवीनं उडी मारली. बॉल सुटला तरी डाव्या हाताची बोटं क्षणभर वरच राहिली, पारमिताची राहायची तशी. मग दुसरीनं तसंच केलं, मग तिसरीनं. डावखुरी फक्त पारमिता होती. मध्यंतरात मी भैरवीला बाजूला घेतलं. "तू जेवतीस कुठल्या हातानं गं?" "उजव्या." "मग बॉल डाव्यानं का? मी चुकीचं शिकवतोय म्हणून सांगायचं न्हाय व्हय मला?" तिनं बॉल पोटाशी धरला. "उजव्यानं टाकला की तुम्ही बघतच न्हाईसा, सर."