जुनी पट्टी

ट्रूडी माइकपाशी जाऊन उभी राहिली आणि मॅव्हिसने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. पोरगी जेमतेम विशीची, आणि कंबर तर काय, मुठीत मावावी! बँडला गाणारी एकच लागते. रॉसने दुपारच्या तालमीला दुसरी बोलावली याचा अर्थ मॅव्हिसला कुणी समजावून सांगायला नको होता. बँड त्याचा होता.

ती आपल्या खुर्चीवर बसून होती, वाद्यांच्या पुढ्यात, कडेला. संध्याकाळभर नाच चालायचा आणि आपलं कडवं येईपर्यंत गाणारीने तिथे हसतमुख बसून राहायचं. पाठीचा पार भुगा व्हायचा. म्हणून मॅव्हिसने घरून स्वतःची निळी उशी आणली होती.

ट्रूडी वाकून कुजबुजली, "मिस मॅव्हिस, ही पट्टी मला फार खाली पडेल हो. जरा वरची मागू का?"

"छे गं, भलतंच काय!" मॅव्हिस गोड हसली. "पट्टी मागणाऱ्या पोरी रॉसच्या डोक्यात जातात."

साफ खोटं. सिगारेटी ओढून आणि दौऱ्यांवर बँडच्या बसमध्ये थंडीवाऱ्यात झोपून तिचा आवाज उतरत गेला, तशी रॉसने तिच्यासाठीच पट्टी कितीदा खाली आणली होती.

ट्रूडी गायली. आवाज खर्जात बुडाला, शब्दसुद्धा कळेनात. एका ट्रम्पेटवाल्याने खुशाल जांभई दिली. मॅव्हिसला इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच लाज वाटली. पण बरं वाटलं ते वाटलंच.

"राहू दे, पोरी," रॉस म्हणाला.

"थांब की रे!" क्लेटन पियानोवरून ओरडला. "तिचा आवाज वरचा आहे, बहिरा झालास का? स्वरलिपीच्या ट्रंकेत तळाशी याच गाण्याचे जुने, वरच्या पट्टीतले कागद असतील बघ. मॅव्हिस नवीन होती तेव्हाचे."

कागद निघाले, वाटले गेले. मॅव्हिस हातरुमाल पिळत बसली. फाट, वर जाऊन फाट एकदाची, ती मनात म्हणत होती.

ट्रूडी वर गेली आणि तिथेच राहिली. रिकामं नाचघर तिच्या आवाजाने भरून गेलं. जांभईवाला ताठ बसला. मॅव्हिसचे ओठ तिच्या नकळत हलू लागले. श्वास कुठे घ्यायचा, ते त्यांना अजून पाठ होतं.

गाणं संपलं. कुणी काही बोलायच्या आत बाहेरून, कोट ठेवायच्या खिडकीतून हाक आली. तिथल्या अ‍ॅग्नेसला स्टेज दिसत नसे. गाणं मात्र ती वर्षानुवर्षं ऐकत आली होती.

"मॅव्हिस! अगं, काय आवाज लागलाय आज! किती वर्षांनी गं!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. ट्रूडी कानापर्यंत लाल झाली.

"थँक यू, अ‍ॅग्नेस!" मॅव्हिस मोठ्याने म्हणाली.

मग ती उठली. खुर्ची बँडची होती. तिने आपली उशी तेवढी काखेत मारली.